बाहेरच्या खोलीतली खाट

समस्त लहानथोरांस, विशेषतः नुकतंच लग्न झालेल्या मुलींस, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमच्या गल्लीतल्या मणेरीणभाभींच्या हातात जिनं हात दिला, तिच्या संसारातलं काहीही खासगी उरत नसे. भाभी बांगड्या भरायच्या. पंजा दाबून मऊ करता करता सगळ्या बायकांदेखत विचारायच्या, "मागच्या आठवड्यात डझनभर भरल्या, आज चारच उरल्या? नवरा पैलवान हाय का काय गं?" मुलगी लाल, बायका लोटपोट. नवी नवरी असताना मीही लाल झालेली आहे.

त्या स्वतःलाही सोडत नसत. चाचा, म्हणजे त्यांचा नवरा, बेकरीत भट्टीवर कामाला. मुलखाचे अबोल. "दिवसभर तोंडातनं शब्द न्हाय," भाभी त्यांच्यासमोरच सांगायच्या, "पर माझ्या पाठीवर हात असल्याबिगर झोप लागत न्हाय त्येला." चाचा लाजून टोपी सारखी करायचे.

मग भाभींना गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग झाला. शेजारच्या गावच्या मोठ्या दवाखान्यात किरणांचे शेक घेऊन त्या परत आल्या; वाळून, पण जिवंत. रोग हटला, असं कागदावर होतं. तो कागद मी वाचून दाखवला, कारण मी शाळेत शिकवत होते आणि भाभींना आपल्या लग्नाला आलेल्या लेकीला असलं काही दाखवायचं नव्हतं. कागदावर जे नव्हतं ते घरात दिसत होतं. चाचांनी आपली खाट बाहेरच्या खोलीत टाकली होती. आपल्यामुळंच रोग झाला, हात लावला तर परत उठेल, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

भाभींची काळजी वेगळी. शेकानंतर अधूनमधून रक्त दिसायचं, म्हणून आपण नापाक आहोत असं धरून त्यांनी नमाज सोडला होता आणि चाचांना आत बोलावणंही. आठ महिने. शेवटी कुराण शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बीबींनी दटावलं, "ते पाळीचं न्हवं, दुखण्याचं रगत. हातपाय धुऊन वुजू कर आणि नमाजाला उभी ऱ्हा. नवऱ्यालाबी मनाई न्हाय." भाभी तडक माझ्या दारात. "अल्लानं घेतलं की गं जवळ! आता ह्येनं घ्यायचं तेवढं ऱ्हायलंय."

पुढच्या तपासणीला मला सोबत नेलं. चाचा बाहेर बाकावर बसले. "आणखी काही तक्रार?" डॉक्टरांनी विचारलं. भाभी बांगड्या भरतानाच्याच आवाजात म्हणाल्या, "आतनं सगळं आवळलंय, कोरडं पडलंय. आणि नवरा हात लावायला भितोय. त्येला आत बोलवा आणि सांगा, हात लावल्यानं रोग येत न्हाय म्हणून. तुमचं ऐकंल त्यो."

डॉक्टर लिहितच राहिले. "जीव वाचला ना? आता या वयात हे काय काढलंय?"

भाभी बेचाळीस वर्षांच्या होत्या. पडद्यापलीकडं कुणीतरी हसलं. मी मान खाली घातली. उठून चाचांना आत आणायला मला काही कुणी बांधून ठेवलं नव्हतं.

त्यानंतर बांगड्या भरताना भाभींनी कुणाला काही विचारलं नाही. बायकांनाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. एकदा फक्त मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, मी जिवंत हाय हे त्येला पटवायचं कसं गं?"

तीन वर्षांनी रोग परतला. चाचांनी एकदाही हात न लावता परतला. दुखणं वाढलं तसे चाचा दुधाचा पेला उशाशी ठेवायचे आणि चार पावलं मागं सरून उभे राहायचे.

भाभी गेल्या त्या दुपारी बायकांनी आंघोळ घालून कफन चढवलं. चेहरा बघायला चाचांना आत घेतलं. ते नुसतं बघून थांबले नाहीत, त्यांनी हात पुढं केला. त्यांच्याकडच्या रिवाजानं बायको गेली की नवऱ्यानं तिला शिवायचं नाही. बीबींनी आपला हात आडवा घातला. "न्हाय बेटा. आता तू तिला परका झालास."

जन्मभर अबोल असलेला तो माणूस, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडला, "चार वरसं परकाच हुतो की मी! आता तरी हात लावू द्या!"