ओट्यावर उमटलेलं गाव

असे भुताखेतांचे अनुभव मी आवडीने वाचते, पण खरं सांगायचं तर हसायला वाचते. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, अमावास्या... घरी मी ते मोठ्याने वाचून दाखवते आणि मनोज, म्हणजे माझा नवरा, मध्येमध्ये कुत्रं रडल्याचा आवाज काढून साथ देतो. मी साड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे अकाउंट्स बघते. ताळा जुळला नाही तर चूक माझी असते नाहीतर समोरच्याची, भुताची कधीच नसते, एवढं तरी नोकरीने मला शिकवलंय. आणि आता मीच इथे लिहायला बसलेय. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं.

आम्ही सुरतेला पर्वत पाटियाजवळ राहतो. तिसरा मजला, दोन खोल्या आणि किचन. घरात मी, मनोज आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते. मनोज कडोदऱ्याला एका मिलमध्ये डाइंग मास्टर आहे, म्हणजे कापड रंगवायचं काम बघतो. आई लग्न होऊन सुरतेतच, लिंबायतला आल्या, पोरं तिथेच वाढवली, शेजारणींशी गुजरातीत भांडायलाही शिकल्या, पण घरातलं बोलणं अजून पक्कं अहिराणी. त्यांचं माहेर नंदुरबारच्या बाजूला, तापीच्या काठावर होतं. 'होतं' अशासाठी की उकाईचं धरण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. तेव्हा त्या परकरातली पोर होत्या.

गाव उठायच्या दोनेक वर्षं आधी त्यांचा धाकटा भाऊ गेला. धना. नुकता चालायला लागलेला. जुलाब-उलट्या लागल्या, आणि अशा दुखण्यात पाणी द्यायचं नाही अशी तेव्हा लोकांची समजूत होती. ते पोर 'पानी, पानी' करत गेलं. आई त्याच्या उशाशी बसलेल्या होत्या आणि पाण्याची घागर त्यांच्या पाठीमागे होती. मला हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता.

लहान मूल म्हणून त्याला पुरलं. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरतात. त्या दिवशी धनाची आई, म्हणजे आमच्या आईंची आई, एक बोळकंभर पाणी घेऊन एकटीच त्या जागेवर जायची. पुढे गाव बुडालं. आणि अनेक वर्षांनी ती माउली जाताना लेकीला सांगून गेली, "धनाले पानी देत जाय. तो झोपेल शे तठे दे."

पण 'तठे', म्हणजे 'तिथे', ते कुठे? आईंना एवढंच ठाऊक की विहिरीजवळ, आंब्याखाली. तेही आता धरणाच्या पोटात. दर आखाजीला मोठ्या घागरीची पूजा झाली की त्या ते मातीचं बोळकं हातात घेऊन घरभर फिरायच्या... गॅलरीत, तुळशीपाशी, खिडकीत. "कोठे ठेवू वं?" असं मला विचारायच्या. मी काय सांगणार? एका वर्षी मनोज सहज बोलून गेला, "माय, तो ते पानीखालेच शे, आखो पानी कसाले?" आधीच पाण्याखाली असलेल्याला आणखी पाणी कशाला, असं. त्या दिवशी आई जेवल्या नाहीत.

हे एवढं सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही.

आता ओट्याकडे येते. आमचा ओटा कडप्प्याचा, बिल्डरने बसवून दिलेला. लिंबाचे पांढरे चट्टे, तेलाचे डाग, बारीक खड्डे... कितीही घासा, कळकटच. नवा ग्रॅनाइट म्हणजे तोडफोड, धूळ आणि महिनाभर माझ्या डोक्याला ताप. त्यात मोबाइलवर एका बाईचा व्हिडिओ बघितला. जुन्या ओट्याला घरच्या घरी रंग दिला, वरून काचेसारखं वाळणारं चकचकीत रेझिन ओतलं, की झाला संगमरवर! मला चेव आला. मनोज म्हणाला, "रंगाचं काम माझं, तू हिशेब बघ." असं म्हटल्यावर तर करायचंच ठरलं.

ओटा सोड्याने धुतला, पॉलिश पेपरने घासला, प्रायमर लावला, त्यावर पांढऱ्या रंगाचे हात दिले. शनिवारी सकाळी बारीक ब्रशने करड्या शिरा काढल्या. खऱ्या संगमरवरात असतात तशा, सगळ्या तिरक्या, एका दिशेने जाणाऱ्या. स्वतःवर खूश होऊन मी फोटोही काढला. हा फोटो लक्षात ठेवा. शनिवारचा अख्खा दिवस आणि रात्र रंग वाळू दिला. रविवारी सकाळी बोट फिरवून बघितलं, खडखडीत.

रेझिन देताना दुकानदाराने पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "बेन, एक टीपुं पाणी पण नहीं! पाणी अड्युं तो बधुं बगडी जशे." पाण्याचा एक थेंब लागला तरी सगळं बिघडणार, म्हणून मी डोळ्यांत तेल घालून काम केलं. रेझिन आणि हार्डनर मापात कालवले, ओट्यावर ओतले. ते मधासारखं सावकाश पसरलं आणि आपोआप सपाट झालं. हेअर ड्रायर फिरवून हवेचे बुडबुडे फोडले. वरची ट्यूबलाइट ओट्यात लख्ख दिसायला लागली. आईंना सांगितलं, "आई, उद्यापर्यंत याला हात लावायचा नाही हं."

"नही लावसू," आई म्हणाल्या.

किचन बंद, म्हणून मी आणि मनोज जेवण आणायला खाली गेलो. परत येऊन बघतो तर आई किचनमध्ये. टाइल्सवर कुंकवाचं स्वस्तिक, एका हातात हळदकुंकवाचं ताट, दुसऱ्या हातात आंब्याचं पान, समोर नळाच्या पाण्याने भरलेला तांब्या. नवा ओटा, मग त्याची पूजा नको का? त्यांनी पानाने अख्ख्या ओल्या ओट्यावर पाणी शिंपडलं होतं!

"आईऽऽ!"

"मी हात लावा नही," त्या शांतपणे म्हणाल्या. आणि ते शंभर टक्के खरं होतं.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. रेझिनवर पाण्याचे थेंब मण्यांसारखे बसले होते, आणि टिपायला जावं तर फडक्याचे धागे चिकटणार. मनोजने मला बाहेर ओढलं आणि किचनचं दार लावून घेतलं. मी फुगून बेडरूममध्ये, आई पाठ करून गॅलरीत. आणलेलं जेवण मधल्या खोलीत तसंच गार होत पडलं.

दिवेलागणीला मनाची तयारी केली आणि किती वाटोळं झालंय ते बघायला दार उघडलं. ट्यूब लावली. थेंब नव्हते. पांढरे डागही नव्हते. ओटा आरशासारखा गुळगुळीत... आणि त्यावर माझ्या शिरा नव्हत्या.

म्हणजे शिरा होत्या, पण माझ्या नव्हत्या. खिडकीच्या बाजूने एक जाड करडी रेघ येत होती, शेगडीच्या जागेजवळ मोठं वळण घेऊन सिंककडे जात होती. वरून एक बारीक रेघ नागमोडी येऊन तिला मिळत होती. त्या दोघींच्या बेचक्यात बारीक बारीक धागे, काही ठिपके, एक ठळक गोल. त्या गोलापासून वीतभर दूर एक वाटाण्याएवढा बुडबुडा.

मी मनोजला हाक मारली. हा माणूस रोज रंगात हात घालणारा. त्याने वाकून, टॉर्च मारून बघितलं. म्हणाला, "रंग फुटला असता तर कडा पसरल्या असत्या. या कडा बघ ना... पेन्सिलने काढल्यासारख्या." मी शनिवारचा फोटो काढून शेजारी धरला. फोटोतल्या सगळ्या रेघा तिरक्या, सरळ. वाळलेला रंग, त्यावर रेझिन. तो हलणार कसा? आम्ही दोघं नुसते बघत उभे राहिलो. भीती वाटली का? नाही. एखाद्या मोठ्या देवळात शिरल्यावर आपोआप आवाज खाली येतो ना, तसं झालं.

तेवढ्यात आई आत आल्या. ओट्याकडे बघितलं आणि दाराची चौकट धरली.

"ओ माय वं..."

मग त्यांचं बोट ओट्यावरून फिरायला लागलं. वरून, हवेतल्या हवेत. तेव्हाही हात लावला नाही त्यांनी! "हाई तापी. हाऊ आमना नाला. आठे मारोती... आठे आमनं घर. हाई इहिर." ठळक गोल म्हणजे विहीर. त्यांचा आवाज लहान मुलीचा झाला होता. "वैशाली, हाई मनं गाव शे!"

मग बोट बुडबुड्यापाशी थांबलं. "पन हाई काय शे? आठे ते काहीच नही व्हतं."

"तो बुडबुडा आहे, आई. माझ्याकडून फोडायचा राहिला. उद्या पॉलिश पेपरने घासून काढते."

"राहू दे," त्या म्हणाल्या. मीही राहू दिला. खरं तर कंटाळा म्हणून.

आता वाचणारे म्हणतील, ढगातही हत्ती दिसतो, रेघांमध्ये गाव दिसलं त्यात काय! मीही हेच म्हटलं. आईंना माहेर दिसलं, कारण त्यांना ते बघायचंच होतं. पण ताळा करून बघितल्याशिवाय मला चैन पडेना. आईंचे चुलतभाऊ, भिकामामा, त्यांच्याहून चांगले मोठे. धरणानंतर वसवलेल्या नव्या गावात राहतात. आखाजीच्या थोडं आधी आम्ही तिघं तिकडे गेलो. वाटेत मी दोघांना ताकीद दिली होती की ओट्याबद्दल एक अक्षर काढायचं नाही.

चहा झाल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, तुमचं जुनं गाव कसं होतं हो? काढून दाखवा ना."

मामांनी काडी उचलली आणि अंगणातल्या धुळीत काढायला बसले. आधी तापी. तेच वळण! मग नाला, तसाच नागमोडी, तिथेच मिळणारा. मारोती. घरांची ओळ. विहीर. ओट्याचा नवा फोटो काढून ठेवलेला मोबाइल मी पाठीमागे घट्ट धरून उभी होते. मनोज माझ्याकडे बघतही नव्हता.

मग मामांनी विहिरीपासून जरा लांब काडीचं टोक टेकवून एक भोक पाडलं.

"हाई काय शे, दादा?" आईंनी विचारलं.

"जुनी इहिर. बुजेल व्हती. तू धाकली व्हती, तुले काय याद राही?" आणि काडी तशीच रोवून मामा आईंच्या वडिलांबद्दल पुढे म्हणाले, "काकानी धनाले तठेच ठेवा व्हता. आंब्याखाले."

आई त्या काडीशेजारी धुळीत बसल्या. आयुष्यभर त्या मोठी विहीर धरून चालल्या होत्या. बुजलेली विहीर ना त्यांना ठाऊक, ना मनोजला. मी तर ते गाव बघितलेलंच नाही. मग माझ्या ओट्याला ती कोणी सांगितली?

मी मोबाइल धुळीत, त्या चित्राशेजारी ठेवला. मामांनी एकदा फोटोकडे, एकदा धुळीकडे बघितलं. मग त्यांनी मोबाइलला हात जोडले. माझ्या मोबाइलला! पण कोणीही हसलं नाही.

आम्ही निघाल्यावर ते आम्हाला धरणाच्या पाण्यापाशी घेऊन गेले. ऊन उतरलं होतं, नजर जाईल तिथवर पाणी चमकत होतं. मामांनी हात लांब करून दाखवलं, "तठे." कुठेच काही नव्हतं, नुसतं पाणी. मी आईंना विचारलं, इथे द्यायचं का पाणी? त्यांनी मान हलवली. "आठे नही. घर."

आखाजीला घागर भरली. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, शेजारी आंबे, सांजोऱ्या. पूजा झाली. मग आईंनी बोळकं हातात घेतलं, आणि पहिल्यांदाच 'कोठे ठेवू' असं विचारलं नाही. सरळ किचनमध्ये गेल्या. मनोज त्यांच्या मागे गेला, त्यांच्या हातातून बोळकं घेतलं आणि नळ सोडला. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की सुरतेच्या नळाला तापीचंच पाणी येतं. उकाईहून खाली येतं. म्हणजे त्या गावावरून, त्या आंब्याच्या जागेवरून येणारं पाणी आम्ही इतकी वर्षं या ओट्यावर भरत होतो, आणि आई मात्र जागा शोधत फिरत होत्या. मनोजने बोळकं काठोकाठ भरलं. आखो पानी कसाले म्हणणारा हाच.

आईंनी ते दोन्ही हातांनी घेऊन बुडबुड्यावर ठेवलं.

"पी रे धना," त्या म्हणाल्या. "पोटभर पी. आते कोनी तुले रोकत नही."

मी त्या दिवशी घागरीसमोर बसून खूप रडले. का, ते नीट सांगता येणार नाही.

दुकानदाराला मी दोन्ही फोटो दाखवले. तो म्हणाला, "बेन, आवुं थाय ज नहीं." असं होऊच शकत नाही म्हणे. मनोजने मिलमधल्या केमिकलवाल्यांना विचारून बघितलं. दोघा-तिघांनी दोन-तीन कारणं सांगितली. रंग का हलला असेल याची होती ती. बुजलेल्या विहिरीपर्यंत त्यातलं एकही पोचलं नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही, आणि पांढऱ्या साडीवर माझा आजही विश्वास नाही.

रेझिन आता पिवळं पडायला लागलंय. शेजारणी म्हणतात, पुन्हा घासून नवं कर. मी ऐकत नाही. रोज त्यावरच कणीक मळते, नाल्यावर कोथिंबीर चिरते, मारोतीच्या अलीकडे मिठाची बरणी असते. फक्त त्या बुडबुड्यापाशी मी गरम भांडं ठेवत नाही. आणि सकाळी नळाला पाणी आलं की पहिला पेला भरून तिथे ठेवते. आईंनी सांगितलं म्हणून नाही. त्या उठायच्या आधीच ठेवते.