मेणदोऱ्याची गाठ

ओझरच्या विमान कारखान्यात इसाकभाईंनी उमेदीची सारी वर्षे तारा बांधण्यात घालवली. विमानाच्या पोटातून असंख्य तारा धावतात. त्यांच्या जुड्या करून मेण लावलेल्या दोऱ्याने बोटाबोटावर गाठी मारायच्या, त्या अशा की कितीही हादरे बसले तरी तार तसूभर हलू नये. हे कर्म त्यांनी व्रतासारखे आचरले. त्यांची जुडी दिसली की तपासनीस तिला हातही न लावता पुढे सरकत.

निवृत्तीनंतर इंदिरानगरातल्या सदनिकेत ते आणि त्यांच्या पत्नी शहनाजबी असे दोघेच राहत. वरच्या मजल्यावर दीपक होता, एकेकाळी त्यांच्याच हाताखाली गाठ शिकलेला. एका नव्या प्रशिक्षण संस्थेला इंटरनेटवरून घरबसल्या तारबांधणी शिकवणारा एक शिक्षक हवा होता आणि दोघांनीही नमुन्याचा पाठ द्यायचा होता. दीपकचा पाठ निर्विघ्न पार पडला. इसाकभाईंनी मात्र दोरा हाती घेतला आणि मुलांच्या पडद्यावर त्यांच्या बोटांचे चित्र थिजले. "सर, काहीच दिसत नाहीये," मुले म्हणू लागली. संस्थेने शुक्रवारी पुन्हा संधी देऊ केली, तीच शेवटची.

"त्याची वाकडी गाठ साऱ्यांनी पाहिली," इसाकभाई धुमसत म्हणाले, "आणि माझी सरळ गाठ कुणालाच दिसली नाही!"

षड्रिपूंच्या पंगतीत मत्सर शेवटी बसतो. म्हणूनच तो सावकाश जेवतो, त्याला उठवायला मागे कुणी उरलेले नसते.

त्यांनी इंटरनेटचा वेग मोजला. चित्र घरात येण्याचा वेग उत्तम होता. घरातून बाहेर जाण्याचा मात्र गोगलगायीलाही लाजवील असा. प्रथम ते शहनाजबींवर घसरले.

"तुझ्या मोबाईलमधले फोटो अपलोड होत असणार!"

"नातीचे चार फोटो काय ते! हे घ्या, बंद केला मोबाईल. वाढला वेग?"

नाही वाढला.

"मग मिक्सरही बंद करू? म्हणजे चटणीचा आळ तरी माझ्यावर यायला नको."

इंटरनेट कंपनीचा माणूस आला. दाराजवळच्या राउटरला त्याने स्वतःचा लॅपटॉप जोडला, तर जाणारा वेगही भरपूर. "काका, लाइन चोख आहे. राउटरच्या पुढची तुमची वायर बदलून बघा."

"माझी वायर?" इसाकभाईंनी भिंतीकडे बोट केले. राउटरपासून आतल्या संगणकापर्यंत निळी वायर चौकटीच्या कोपऱ्यांवर काटकोनात वळली होती आणि बोटाबोटावर मेणदोऱ्याने आवळलेली होती. "अशी बांधणी विमानात चालते, बाळा!"

तो नमस्कार करून निघून गेला.

मग चहाचे निमित्त करून इसाकभाई वर गेले. दीपकची वायर खिडकीच्या गजावरून, वाळत घातलेल्या टॉवेलांमागून, सैल लोंबत होती.

"ही वायर आहे की कपड्यांची दोरी?"

"आळशी माणूस मी, भाई," दीपक हसला. "पण चालते. जास्तीची एक आहे माझ्याकडे, लावून बघता?"

"तुझी उष्टी वायर मला नको," असे म्हणून इसाकभाई चहा अर्धा टाकून उतरले. ज्याला गाठ सरळ येत नाही, त्याच्या ढिसाळपणावर यशाने प्रसन्न व्हावे? त्यांना रात्रभर डोळा लागला नाही.

शुक्रवारी दुपारी शहनाजबी स्वतःच वर जाऊन ती वायर घेऊन आल्या आणि त्यांनी ती राउटरपासून संगणकापर्यंत जमिनीवर अंथरली.

"उचल ती!"

"आधी मोजा, मग ओरडा."

त्यांनी मोजले. जाणारा वेग कितीतरी पटींनी उसळला होता. इसाकभाई कात्री घेऊन चौकटीपाशी गेले आणि कोपऱ्यावरची आपली गाठ त्यांनी आपल्याच हाताने कापली. तिथे वायर चेपून चपटी झाली होती. तिच्या पोटात नाजूक तारांच्या पीळ घातलेल्या जोड्या असतात. एक आणते, दुसरी नेते. नेणाऱ्या जोडीचा गळा त्यांच्या नेमक्या गाठीने आवळला होता. विमानाच्या कणखर तारेला जी माया, तीच या कोवळ्या वायरीला फास ठरली होती.

संध्याकाळी, दीपकच्या वायरीवरून, इसाकभाईंची बोटे मुलांना स्वच्छ दिसली. पाठ संपताच संस्थेचा फोन आला: निवड त्यांची झाली होती.

ते तडक वर गेले. दीपकचा चेहरा पडलेला पाहावा, ही वासना जिना चढताना त्यांच्या सोबत होती. पण वार्ता ऐकताच दीपकने त्यांना मिठीच मारली आणि आत बायकोला हाक दिली. "उज्वला, साखर आण! भाईंचं झालं! अहो भाई, मला ती गाठ कधी जमली का? पोरांना तुम्हीच हवे होतात."

साखर तोंडात ठेवून इसाकभाई खाली आले.

"काय म्हणाला दीपक?" शहनाजबींनी विचारले.

"खूश झाला." ते जमिनीवरच्या त्या सैल वायरीकडे पाहत राहिले. "त्याची निवड झाली असती, तर मला असं खूश होता आलं नसतं. हेही त्यालाच कसं जमतं, सांग मला!"