सलीमभाईच्या जीपचा मागचा एक्सल

गॅरेजसमोर दुकान असलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. हाताला ग्रीस लागतं तसे ते आपोआप लागतात, आणि कितीही धुतलं तरी नखात थोडे राहतातच. पुसदला माझं स्पेअर पार्टचं दुकान, समोर सलीमभाईचं गॅरेज. भाई आणि त्याचा जोडीदार गौतम एक जुनी जीप बांधत होते. भंगारातल्या बसचं टर्बो इंजिन त्यांनी तिच्यात बसवलं होतं. दोघांचं स्वप्न एकच: वाशिम रोडचा घाट टॉप गिअरमध्ये चढायचा, आणि तोही दोघांनी सोबत!

*

पहिल्या ट्रायलला भाईनं क्लच सोडला आणि फाडकन आवाज आला. इंजिन गर्जतंय, जीप जागची हलेना! मागचा एक्सल शाफ्ट मधोमध तुटला होता.

भाई शांतपणे खाली उतरला. "इंजिन पास झालं," म्हणाला.

गौतमनं कपाळावर हात मारला. "भाई, पैलवानाच्या पायात लेकराची चप्पल घातली ना आपण!"

*

मग टेम्पोचा जाड एक्सल आणला. स्प्रिंगच्या पाट्यांसाठी त्याच्यावर नव्या बैठका वेल्ड करायच्या होत्या. दोघांची एक पद्धत होती. उजवी बाजू भाईची, डावी गौतमची, आणि दुसऱ्याच्या नटाला हात लावायचा नाही. शिस्त चांगलीच म्हणायची. पण त्या दिवशी दोघंही आपापल्या टोकाकडे बघत राहिले आणि अख्खा एक्सल उलटा लागलाय हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाईनं पहिला गिअर टाकला. जीप मागं मागं येत थेट माझ्या दुकानाच्या पायरीवर! घाबरून त्यानं रिव्हर्स टाकला, तर पुढं!

"चार गिअर मागं अन् एक पुढं!" गौतम पोट धरून हसत होता. "भाई, हे गाडी आपल्या जिल्ह्याचीच हाये!"

कापसाचा भाव पार कोसळला होता, बाजारात दुपारी माणूस दिसत नव्हता. मीही हसलो आणि रिकामा गल्ला बंद केला.

*

एक्सल सुलटा झाला तर पाटे कडक. एवढे कडक, की खड्डा आला की बसलेला माणूस उभा! पाटे दबायला वजन हवं होतं. एरवी कापसाच्या जिनिंगमधून सरकीची पोती आणली असती, पण त्या हंगामात जिनिंगलाच कुलूप. भाईनं चहाच्या टपरीवरची सगळी रिकामी माणसं जीपमध्ये भरली. शेजारचा रमेश टेलर सगळ्यांत वजनदार, त्याला मधोमध बसवलं.

गौतमनं खाली वाकून बोटांनी माप घेतलं. "अजून दोन बोटं खाली आली पायजे."

"मंग मी जेवून येऊ का?" टेलरनं विचारलं.

*

पुढं गॅरेजवर दुरुस्तीला ट्रॅक्टर येईनासे झाले. दोघांना पुरेल एवढं काम उरलं नाही, आणि गौतमची मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती. त्याला ओळखीनं चाकणला मोटारीच्या कंपनीत नोकरी लागली. भाईनंच त्याला बसमध्ये बसवलं. "जाय. इकडची फिकर करू नको," म्हणाला, आणि बस गेल्यावर स्वतः तासभर स्टँडवर उभा राहिला.

पहिल्या फोनला भाईनं विचारलं, "काय काम हाये रे तिथं?"

"डाव्या चाकाचे नट कसतो, भाई. दिवसभर."

"अन् उजव्या?"

"तिकडं दुसरा माणूस हाये. त्याचं नाव बी मालूम नाही मले."

भाई त्या दिवशी जेवायला घरी गेला नाही.

*

जीप तयार झाली. सगळे म्हणायला लागले, आता घाटात जाऊ. भाई म्हणायचा, "थांबा, काम बाकी हाये." काय बाकी आहे, ते सांगायचा नाही. मलाही गौतमची फार आठवण यायची. गॅरेज चालू होतं, पण तिथलं हसणं चाकणला गेलं होतं. परत ये म्हणावं तर त्याची नोकरी जाईल, म्हणून भाई ते एक वाक्य कधी बोलला नाही.

*

एका रविवारी सकाळी भाई पाना घेऊन जीपखाली शिरला. पाट्याला एक्सलशी आवळून धरणारा यू-बोल्ट असतो, त्याचा नट त्यानं चांगला सैल केला. तोही डाव्या बाजूचा! मी पायरीवरून बघतच राहिलो.

बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "भाऊ, गौतमले फोन लावा. म्हणा, मागून आवाज येऊन राह्यला. चाकापाशी धरा फोन, त्याले ऐकू द्या."

मी फोन लावला, गौतमला सांगितलं, आणि चाकाजवळ उकिडवा बसलो. भाईनं जीप पुढं घेतली, मागं घेतली. टक्. टक्. मग मी फोन कानाला लावला.

गौतम हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, माह्या बाजूचा यू-बोल्ट भाईनं सैल केला ना?"

भाई स्टिअरिंगवरून माझ्याकडं बघत होता.

"त्याले सांगू नोका," गौतम म्हणाला. "म्हणा, गौतमले फोनवर काहीच समजलं नाही. येऊनच पाहा लागते."