पॉलिसी आधी की रक्त आधी

दादाची कंबर दुखायला लागली तेव्हा आमच्याकडे सगळे करतात तेच त्याने केलं. दोन हिवाळे पोलादपूरहून एसटीने महाडजवळच्या सव गावी जायचा आणि तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात बसून यायचा. बरंही वाटायचं त्याला. शेवटी कळलं की प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरलाय. माझा सख्खा मोठा भाऊ.

तेव्हापासून रात्री लघवीला उठलो की मला परत झोप लागत नाही. बिरवाडीजवळच्या कारखान्यातून मी लवकरच निवृत्त होणार, म्हणजे कंपनीचा मेडिक्लेमही संपणार. मुंबईला असलेला मुलगा मला नवी पॉलिसी काढून देतोय. मी म्हटलं, त्याआधी प्रोस्टेटची ती पीएसएची रक्ततपासणी करून घेतो. तर फोनवर कडाडलाच, "बाबा, आत्ता नको. आकडा वाढलेला निघाला तर विमा कंपनीला सांगावा लागेल. मग पॉलिसी विसरा."

महाडचे डॉक्टर भले गृहस्थ, पण धीर त्यांनीही दिला नाही. म्हणाले, आकडा नुसत्या सुजेनेही वाढतो. मग सुया टोचून प्रोस्टेटचे तुकडे तपासायला काढायचे. कॅन्सर निघालाच तरी कधीकधी तो जन्मभर गप्प बसतो, आणि ऑपरेशन केलं तर लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. "पण तुमच्या भावाला आहे, तेव्हा तुमचं वेगळं, धोका जास्त." अहो, मग करू की नको? धड एक सांगतील तर शपथ. इकडे आड, तिकडे विहीर.

त्यात मुलाने आणखी एक शहाणपण शिकवलं. पॉलिसीच्या फॉर्मवर घरात कुणाला कॅन्सर आहे का विचारलं, तर 'नाही' म्हणायचं. माझं डोकं फिरलं. पण खरं सांगतो, मोहही झाला.

रविवारी दादाकडे गेलो आणि न राहवून सगळं सांगून टाकलं. तो भिंतीला टेकून ऐकत होता.

"मग नाय म्हण ना," तो म्हणाला. "मला काय झालंय रे? कंबर दुखतेय नुसती. कोण इचारायला आला तर मी पण तेच सांगन."

एवढं बोलतानाही त्याला धाप लागली. मला रडू आलं. माझ्या पॉलिसीसाठी हा माणूस स्वतःचं मरण नाकारायला तयार होता.

घरी येऊन मुलाला सांगितलं, भावाचं खरं लिही, नाहीतर पॉलिसीच नको. सोमवारी महाडला जाऊन तपासणीला रक्त दिलं. रिपोर्ट तयार असल्याचा फोन कालच आला. आकडा कळला की तोही फॉर्मवर लिहावा लागेल. मी अजून रिपोर्ट आणायला गेलेलो नाही.