न मळलेली चड्डी

मॅच संपली की तो दोन्ही हातांनी आपली पांढरी चड्डी मागून झटकायचा. गादीवरून उठलेला दुकानदार झटकतो तशी. झटकण्यासारखं तिच्यावर काही नसायचं. बाकीच्या पोरांच्या चड्ड्या गवताने हिरव्या झालेल्या, आणि ह्याची मात्र घडी मोडली तेव्हा होती तशीच. आमच्या ऑस्ट्रेलियातल्या क्लबात किट सांभाळणारा एक म्हातारा होता. तो दर वेळी विचारायचा, "मेट, ही धुवायची की तशीच कपाटात ठेवू?"

"वास घे आणि ठरव," हा म्हणायचा. दर आठवड्याला तोच विनोद, आणि दर आठवड्याला दोघंही हसायचे.

तो नॉर्वेचा. डिफेंडर. आमच्या कोल्हापूरच्या भाषेत, बॅक. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या त्या क्लबात मी व्हिडिओचं काम बघते. स्टँडच्या छपराखाली, वारा कान फोडतो अशा जागी कॅमेरा लावायचा, सगळं मैदान एका चौकटीत धरायचं आणि नंतर त्यातले तुकडे कापून कोचला आणि खेळाडूंना दाखवायचे. टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे धावतो. माझा जागचा हलत नाही.

हे काम मला फुकट मिळालेलं नाही. माझे आप्पा शिरोलीच्या फाउंड्रीत साचे भरायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. इथल्या युनिव्हर्सिटीची डिग्री ट्रुगानिना उपनगरातल्या आमच्या घरात दारासमोरच लावलीय, पाहुण्याला चप्पल काढायच्या आधी दिसते. दिसावी म्हणूनच लावलीय.

तर अशी मी, शिकलेली वगैरे, आणि पहिले काही आठवडे मला ह्या माणसाचं कापण्यासारखं काहीच सापडेना. बाकीच्यांचे टॅकल, हेडर, धावा. हा आपला मान इकडे वळव, तिकडे वळव, हाताने कुणाला तरी जागा दाखव, दोन पावलं डावीकडे सरक. शेवटी मी त्याला सांगितलं, "ह्या वेळी तुझी क्लिप नाहीये. सॉरी."

"छान," तो म्हणाला.

मला वाटलं चेष्टा करतोय. तो खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "चालू कर. पूर्ण मैदानाचं." मी चालू केलं. त्याने आपला जाडजूड अंगठा स्क्रीनवर ठेवला आणि बॉल झाकून टाकला. बॉल जाईल तिकडे अंगठा. "आता बघ. बॉल सगळेच बघतात."

तुम्हीही कधी करून बघा. बॉल झाकला की खेळ दिसायला लागतो. त्यांचा स्ट्रायकर मोकळ्या जागेकडे निघालेला, मान वर करतो, आणि त्या जागेत हा उभा. स्ट्रायकर विचार बदलतो. दुसरीकडून प्रयत्न. तिकडेही हा, घाई नाही, धाप नाही, पोस्टमनची वाट बघत फाटकात उभं राहावं तसा. तिसऱ्यांदा त्यांनी बॉल मागे दिला. टीव्हीवर हे दिसलंच नसतं. मी नुसती बघत राहिले. लहानपणापासून फुटबॉल बघत आले होते, आणि त्या अंगठ्याने मला डोळे दिले.

तो कधी घसरून टॅकल करायचा नाही. लोकांना तेच आवडतं, अंग झोकून देणं. ह्याच्या गावाकडे, नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला, गवताचं मैदान नव्हतंच. बारीक खडीचं होतं, आणि थंडीत ती खडी गोठून करवतीसारखी व्हायची. एकदा शाळेत असताना घसरला, तेव्हा मांडीची साल गेली. त्याने शॉर्ट्सची कड वर करून तो डाग दाखवला, जुन्या पत्र्यासारखी कातडी. "मग ठरवलं, घसरायची वेळच येऊ द्यायची नाही. आधी पोचायचं. घसरावं लागलं म्हणजे आधीच चुकलेलं असतं."

हे मी रविवारी आप्पांना फोनवर सांगितलं. आप्पा तरुणपणी आमच्या पेठेतल्या तालमीच्या संघाकडून बॅक खेळलेले. अजूनही गुडघा दुखला की त्या काळातल्या एका फॉरवर्डला शिव्या देतात.

"बरोबर बोलतोय गडी," आप्पा म्हणाले. "बॅक म्हंजे उंबरा. उंबरा कधी पळत सुटतोय व्हय? त्यो जागंवर असतोय, म्हणून माणूस ठेचकाळतंय."

मी ते त्याला भाषांतर करून सांगितलं, 'उंबरा' शब्द मात्र तसाच ठेवून. त्याने विचारलं, "तुझे वडील कुठल्या लीगमध्ये होते?" मी म्हटलं, "पेठेच्या." त्याने मान डोलावली, जणू ती युरोपातली एखादी लीग असावी. पुढच्या मॅचला मी वर कॅमेऱ्याशी, आणि खालून आरोळी ऐकू आली, "ओंब्रा! ओंब्रा!" शेजारच्या तरुण बॅकला तो जागेवर थांबायला सांगत होता. त्या ऑस्ट्रेलियन पोराला वाटलं, नॉर्वेजियन शब्द आहे.

त्याची कारकीर्द तशी गाजलेली नाही. स्वतःच्या देशात पहिल्या दर्जाची लीग, मग डेन्मार्क, मग बेल्जियम, राष्ट्रीय संघात बोलावणं आलं पण जास्त वेळ बाकावरच. चौतिशीत तो इकडे आला, बायको आणि मुलीला घेऊन. त्याला त्याबद्दल विचारलं तर म्हणायचा, "देश बदलले. मी तिथेच उभा आहे."

दुसऱ्या सीझनच्या शेवटाला त्याचा करार संपत होता. गुडघ्याला सकाळी बर्फ, संध्याकाळी बर्फ. त्याला अजून एक वर्ष हवं होतं, आणि का हवं होतं ते त्याने एका दुपारी पार्किंगमध्ये मला सांगितलं. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. "ह्या वयाचं माणसाला धड आठवत नाही. पुढच्या वर्षाचं आठवेल. तिचा बाप खेळायचा, एवढं तिला स्वतःच्या डोळ्यांनी आठवावं. कुणी सांगितलं म्हणून नको."

मी म्हटलं, "मिळेल की." मला खरंच तसं वाटत होतं.

आणि मग ती मॅच आली. आम्ही एका गोलने पुढे, शेवटची काही मिनिटं. त्यांचा एक पोरगा डावीकडून सुटला, समोर फक्त आमचा गोलकीपर. आणि कुठून तरी हा आला आणि घसरला. लांब, सपाट, गवतावरून खरवडत जाणारी घसर. बॉल बाहेर. सगळं स्टेडियम उभं राहिलं. वर माझ्या डोक्यावरचा पत्रा थरथरत होता. कोल्हापुरात आप्पा चहाच्या गाडीपाशी मोबाइलवर बघत होते, त्यांचा मेसेज आला, "वाघ हाय वाघ."

त्या दिवशी त्याची चड्डी एका बाजूने पूर्ण हिरवी होती. त्याने ती झटकली नाही.

कराराची मीटिंग दोन दिवसांनी होती. कोच म्हणाला, "ती घसर सगळ्यात आधी लाव. बाकी काही दाखवायची गरज पडणार नाही." मी लावली. स्लो मोशन करून, तीन बाजूंनी. मीटिंगच्या दिवशी सकाळी तो माझ्या खोलीत आला.

"कोल्हापूर," तो मला गावाच्या नावानेच हाक मारायचा, "पूर्ण मैदानाचं दाखव."

मी दाखवलं. त्याने बॉलवर अंगठा ठेवला. घसरण्याच्या कितीतरी आधीपासून बघायला लावलं. त्याची मान वळते. सुटणारा पोरगा त्याला दिसतो. आणि तो जागेवरच. एक क्षण, दुसरा. मग निघतो.

"बघितलं होतं मी," तो म्हणाला. "पाय निघाले नाहीत."

"पण गोल वाचवलास. लोक उभे राहिले."

"लोक बॉल बघत होते."

मी क्लिपवर बोट ठेवलं. "हे कुणाला दिसणार नाही. मी फक्त टीव्हीचं लावणारे."

"तुला दिसलं ना?"

मला दिसलं होतं. आता न दिसल्यासारखं करता येत नव्हतं. मी विचारलं, "आणि मुलगी?"

तो हसला, पण नीट नाही. "तिने शाळेत सगळ्यांना सांगितलंय. घरात सोफ्यावरून घसरून दाखवते. अजून वर्षभर खेळलो तर दर आठवड्याला घसरेन. मग तिला हेच आठवेल. मी चुकलो ते."

मग तो उठला, कोचच्या खोलीत गेला आणि माझी क्लिप लागायच्या आत स्वतःच सांगून आला की पुढच्या वर्षी त्या तरुण पोराला उभं करा. कोच नंतर माझ्याकडे येऊन बसला. म्हणाला, "मी इतकी वर्षं खेळाडूंना सांगत आलोय, तुझं संपलं म्हणून. आजवर कुणी स्वतःहून येऊन मला सांगितलं नव्हतं."

घरच्या मैदानावरची शेवटची मॅच वाऱ्याची होती. मी वर चढले आणि त्या दिवशी दुसरा एक कॅमेरा नेला, माझा स्वतःचा. तो फक्त त्याच्यावर लावला. बॉल कुठे का असेना, मी त्याच्यावरून हलवला नाही. पूर्ण मॅच. तो मान वळवतो, हात दाखवतो, दोन पावलं सरकतो, थांबतो. गोल झाला नाही आणि विशेष काही घडलंही नाही. शिट्टी वाजली. त्याने चड्डी झटकली. मग तो कपडे बदलून बाहेर आला तेव्हा किटवाला म्हातारा नेहमीचा प्रश्न विचारायला पुढे आला आणि न विचारताच त्याच्या हातातून चड्डी घेऊन घडी घालत बसला.

ते रेकॉर्डिंग मी त्याला दिलं. म्हटलं, "हे तिच्यासाठी. आत्ता नाही, मोठी झाल्यावर." नॉर्वेला परत जायच्या दिवशी त्याने हात मिळवला आणि म्हणाला, "वडिलांना नमस्कार सांग, त्या मूळ उंबऱ्याला." एवढंच.

आता ती जागा तो तरुण बॅक सांभाळतो. चांगला आहे. अजून घसरतो. मॅचआधी कॅमेरा लावताना मी चौकट जुळवते तेव्हा त्या गवताच्या तुकड्यावर नजर थांबते, आणि मग मी पुढे जाते, काम असतं.

परवा त्याचा मेसेज आला, बऱ्याच महिन्यांनी. मोठी होईपर्यंत थांबायचं मुलीने ऐकलं नाही, सगळं रेकॉर्डिंग बसून बघितलं, म्हणे. निम्म्यात कंटाळली, "पप्पा, तू तर काहीच करत नाहीस," म्हणाली. मग तशीच बघत राहिली. आणि शेवटाकडे, त्याच्याकडे न बघता, स्क्रीनकडे बघतच म्हणाली,

"पप्पा, तू आधीच तिथे असतोस."