देवासचा भाऊ

मध्यभारत राज्य झाले आणि इंदूरच्या होळकरांचा रिसाला, म्हणजे घोडदळ, मोडला. घोड्यांचे काय झाले ते आम्हाला कळले नाही. माणसे मात्र शहरभर दिसू लागली. कोणी पहारेकरी झाले, कोणी टांगा धरला. द्वारकाबाई लांभाते यांचे यजमान रिसाल्यात दफेदार होते. ते त्याआधीच तापाने गेले होते. रिसाला होता तोवर बाईंना राहायला खोली होती. तीही गेली. मूलबाळ नव्हते. बाई परदेशीपुऱ्यात आल्या, गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि खाणावळ घातली.

तेव्हाचा परदेशीपुरा म्हणजे गिरणीत राबणाऱ्या एकट्या पुरुषांची वस्ती. बायका गावाकडे. एका खोलीत जेवढे मावतील तेवढे गडी. रस्त्यावर दिवे नव्हते. दुकान म्हणजे एक वाणी आणि एक विडीवाला. मी साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होतो. गावाहून आल्यापासून माझी बायको येईपर्यंत मी बाईंकडेच जेवलो.

मी माणूस कामावरून ओळखतो. बाईंचे काम चोख होते. भोंगा झाला की तवा चुलीवर चढे. आम्ही हातपाय धुऊन पाटावर बसायचो आणि पहिली भाकरी ताटात पडायची. टोपलीतली थंड भाकरी त्यांनी कोणाला वाढली नाही. एकदा मी म्हणालो, "काकू, थोड्या आधी करून ठेवत जा. तेवढाच आराम."

"तू कापड आधी विणून ठेवतोस का रे? सूत आल्यावरच विणतोस ना? मग!"

आमची पंगत उठली की आम्ही बाहेर ओट्यावर बसायचो. पान, विडी, जॉबर मुकादमाच्या नकला, गलका. तेव्हा बाई आत जेवायला बसत. घाई करत नसत. आम्ही लवकर उठलो तर आतून आवाज यायचा, "बसा रे जरा. कुठं लगीन आहे का तुमचं?" मला आधी वाटे, गंमत करतात. नंतर एकदा त्यांनीच सांगितले. "दफेदार गेले तेव्हा महिनाभर घास उतरत नव्हता. घर सुनं असलं की माझ्या गळ्याखाली काही जात नाही. म्हणून तर ही खाणावळ. लोकांना वाटतं, पोटासाठी घातली."

पोटासाठीच घातली होती, पण ती अशी.

पुढे वस्ती सुधारली. नळ आला, विजेचे खांब आले. चाळी उठल्या, आणि माणसांनी बायका आणल्या. ज्याची बायको आली त्याचा पाट भिंतीला लागला. बाईंना वाईट वाटत असेल, पण त्यांची पद्धत ठरलेली होती. नवी बाई आली की आपल्या चुलीतला विस्तव खापरात घेऊन त्या तिच्या खोलीवर जात, तिची चूल पेटवून देत. मग तिला समोर बसवून तिच्या नवऱ्याचे खाणे सांगत. पाळी बदलताना आम्ही आमचा साचा पुढच्या माणसाच्या हाती देतो, कुठे तार तुटते, कुठे धोटा अडतो ते सांगतो. अगदी तसे.

माझी शांता आली तेव्हा म्हणाल्या, "याला पातळ आमटी आवडते, पण तू पातळ करू नकोस, मग हा भाकरी कमी खातो. मिरची जास्त झाली की बोलत नाही, नुसता पाणी पितो. पाणी पितोय असं दिसलं की समजून घ्यायचं."

त्या गेल्यावर शांता म्हणाली, "तुमच्या आईंनी मला एवढं नाही सांगितलं."

नवे एकटे पोरगे येत, पण ते बाईंकडे येईनात. समोर भेरूलालजींचे हॉटेल निघाले होते. पोहे, कचोरी, शेव, कपबशीतला चहा, आणि वर रेडिओ. पाटावर मांडी घालून कोण बसणार? शेजारी शिंप्याचे दुकान आले, मग पिठाची चक्की. बंडू नावाचा एक मराठी पोरगा भाड्याच्या सायकलींचे दुकान काढायला कोपऱ्याची जागा शोधत होता. बाईंची पुढची खोली त्याला हवी होती. तो रोज जाता-येता हसून म्हणायचा, "काकू, दुकानात पहिली सायकल तुमची. फुकट चालवा."

"मेल्या, मला खांद्यावर घेऊन चालवशील का?"

भेरूलालजींचा स्वभाव चांगला होता. ते हॉटेलातून ओरडत, "काकीजी, इधर आ जाओ! कचोरी का मसाला आप देखो, बाकी हम देख लेंगे."

"तुमच्याकडं लोक उभ्यानं खातात, भेरूलालजी. उभ्यानं घोडे खातात."

"तो घोड़ों की तो आपको आदत है, काकीजी!"

दोघे हसत. पण पंगत आटत गेली, आणि शेवटी पाटावर एकटा चिंतामण साबळे राहिला.

चिंतामण धुळ्याकडचा. आई-बाप लहानपणीच गेलेले. सायझिंगमध्ये, सुताला खळ लावायच्या खात्यात, होता. तिथे कांजीच्या वाफेत दिवसभर उभे राहायचे. आळशी माणूस तिथे टिकत नाही. तो मुकाट काम करी आणि मुकाट जेवी. ओट्यावर गलका करायला आता कोणी नव्हते. तेव्हा त्याने एक काम स्वतःहून सुरू केले. जेवून झाले की हॉटेलातले वर्तमानपत्र मागून आणायचा आणि ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचा. हिंदी वर्तमानपत्र, धुळ्याचे उच्चार. भोपाळ, ग्वाल्हेर, दिल्ली, बाजारभाव, सगळे. आत बाई जेवत. बाई विचारीत, "मग? पुढं काय म्हणतोय तो मंत्री?" हा म्हणे, "पुढचं पान फाटलंय, काकू."

त्याचे वय वाढत चालले होते. बाईच आमच्या मागे लागल्या, याला बघा म्हणून. जुन्या इंदुरातून स्थळ आले. मुलगी सुमन, आईविना वाढलेली, आत्याने सांभाळलेली. चिंतामणला वडीलधारे कोणी नाही, म्हणून त्याच्याकडून बाई आणि मी गेलो.

टांग्यात चिंतामण पुढे बसला होता. बाईंनी मला हळू विचारले, "लग्न झाल्यावर रविवारी तरी येईल ना रे जेवायला? दोघं आली तर आणखी चांगलं. सणावारी तरी?"

"येईल की."

"बास. तेवढं पुरे मला. तेवढ्यावर मी रेटीन."

त्यांनी नवे लुगडे नेसले होते. त्या बोलत होत्या, हसत होत्या. पण हातातला रुमाल पिळत होत्या, ते मी पाहिले.

मुलगी चांगली होती. फार बोलली नाही, पण चहाची कपबशी ठेवताना आवाज केला नाही. मला तेवढे पुरले. आत्या, गंगूबाई, शब्दाने तिखट होत्या. त्यांनी विचारले, "मुलाचं खाणंपिणं कसं? व्यसन बिसन?"

इथे बाई चुकल्या. म्हणजे त्या नेहमी करायच्या तेच त्यांनी केले. त्यांना वाटले, साचा हाती देण्याची वेळ आली. त्या सुमनकडे वळून सांगू लागल्या. "व्यसन काही नाही. वाफेत उभा राहतो, म्हणून घरी आला की आधी ताक द्यायचं, चहा नाही. भाकरी कडक लागते, पापुद्रा सुटलेली. पाठीवर घामोळं येतं उन्हाळ्यात, त्याला चंदन उगाळून ठेवायचं. झोपेत दात खातो, घाबरायचं नाही."

दात खाण्याचे त्यांना आम्हीच सांगितले होते. शांता येण्याआधी तो आमच्याच खोलीत झोपायचा. ओट्यावर आम्ही त्याची त्यावरून चेष्टा करायचो. पण ते गंगूबाईंना कसे कळणार?

त्यांनी कप खाली ठेवला. "बाई, राग मानू नका. पण आम्ही परदेशीपुऱ्यात चौकशी केली आहे. तिथल्या बायका बोलतात. घर एकटीचं, जेवणारा एकटाच. तो रोज ओट्यावर बसून काही वाचतो म्हणे. आता तुम्ही हे असं सगळं सांगताय. आमची पोरगी आईविना आहे. लग्न झाल्यावर मुलानं तुमच्या दारात पाऊल ठेवायचं नाही. एवढं कबूल असेल तर पुढं बोलू."

वस्तीत एकटे पुरुष होते तेव्हा हे कोणी बोलले नव्हते. पंगत भरलेली होती तेव्हाही नाही. घरे झाली, नळावर बायका जमू लागल्या, आणि बोलायला माणसे झाली.

मी उठणार होतो. त्याआधी चिंतामण उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "मग राहू द्या. नको मला लग्न. चला काकू."

तो खरेच निघाला होता. बाईंनी नुसते चला म्हटले असते तर तो पंगतीत कायमचा राहिला असता. त्याला वर्तमानपत्र वाचायला, त्यांना जेवायला, दोघांनाही दुसरे कोणी लागले नसते. मी बाईंकडे पाहिले. त्या त्याच्याकडे पाहत होत्या. मग हसल्या.

"बस रे खाली. डोकं फिरलं का? गंगूबाई, अहो, कबूल नाकबूल कसलं! मी दसऱ्याला खाणावळच बंद करतेय. माझा भाऊ देवासला असतो. किती वर्षं म्हणतोय, ताई, ये. आता हात चालत नाहीत. मी जाणारच आहे. म्हणून तर घाई केली याच्या लग्नाची."

"मला नाही बोललात कधी," चिंतामण म्हणाला.

"तुला काय विचारायचं? तू माझा सासरा लागतोस?"

सगळे हसले. गंगूबाईसुद्धा. चिंतामण बसला. सुपारी फुटली.

येताना चिंतामण गिरणीच्या वाटेला उतरला. टांग्यात आम्ही दोघेच उरलो. मी म्हणालो, "काकू, तुम्हाला भाऊ कुठं आहे? एक होता तो लहानपणीच गेला, असं तुम्हीच सांगितलं होतं."

"हो."

"मग?"

"मग काय? चार माणसांत बोलले. आता केलं पाहिजे."

"अहो, कोण बघायला येतंय! दसऱ्यानंतर म्हणायचं, बेत राहिला."

"आणि त्या पोरीनं माझ्या दारावरून रोज मान खाली घालून जायचं? नाही. काम अर्धं सोडायचं नाही."

लग्न झाले. बाईंनी सुमनची चूल पेटवायला कोणाला तरी पाठवले, स्वतः गेल्या नाहीत. दसऱ्याला गल्लीने त्यांना निरोप दिला. शांताने ओटी भरली. चिंतामण पाया पडला आणि उठेना, मग बाईंनीच त्याला दंडाला धरून उठवले. पुढची खोली बंडूने घेतली. भांडी भेरूलालजींनी. कढई उचलण्याआधी त्यांनी नुसते हात जोडले.

ट्रंक मी घेतली. टांग्याने मोटारस्टँडवर गेलो. देवासची मोटार लागली होती. बाई उतरून तिच्याजवळ उभ्या राहिल्या. मला वाटले, खरेच चढतात. मोटार निघून गेली. त्या परत टांग्यापाशी आल्या.

"आता मल्हारगंज," टांगेवाल्याला म्हणाल्या.

मल्हारगंजला नानासाहेब म्हणून जुने रिसालदार राहत. दफेदारांना ओळखत होते. त्यांच्याकडे बाईंनी स्वयंपाकाचे काम धरले होते. मोठे घर, शांत घर. माणसे आपापल्या वेळी आपापल्या खोलीत जेवत. ताट नेऊन द्यायचे, रिकामे आणायचे. बाईंना मागच्या बाजूला खोली होती. दारात मला म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस. शांतालाही नाही."

मी सांगितले नाही.

दिवाळीत चिंतामण माझ्याकडे आला. बगलेत कागदात बांधलेला एक जिन्नस होता. तोंड सुकलेले होते. शांताने पाणी दिले.

"देवासला गेलो होतो," तो म्हणाला. "सुमन म्हणाली, काकूंना दिवाळीची साडी द्यायला हवी. दिवसभर फिरलो. बाजारात विचारलं, मंदिरात विचारलं. लोक विचारतात, भावाचं नाव काय? आडनाव काय? मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे का, काकूंचं माहेरचं नाव?"

मला माहीत नव्हते. शांताला नव्हते. त्याने बंडूला विचारले, भेरूलालजींना विचारले. इतकी वर्षे त्यांच्या हातचे खाल्लेली आमची सगळी गल्ली होती. एकालाही माहीत नव्हते.

मी म्हणालो, "ठेव माझ्याकडं. देवासला जाणारा माणूस बघतो."

पाळी सुटल्यावर मी मल्हारगंजला गेलो. बाई मागच्या अंगणात डाळ निवडत होत्या. वाळल्या होत्या. गळ्याची हाडे वर आली होती. घरात आवाज नव्हता. मी सगळे सांगितले. देवास, बाजार, मंदिर. त्या ऐकत होत्या, हात चालू होते.

"दिवसभर फिरला?"

"दिवसभर."

"तिथं जेवला का काही?"

"विचारलं नाही मी."

"विचारायचं होतंस."

त्यांनी सूप बाजूला ठेवले, हात पुसले, कागद सोडला. साडी गडद हिरवी होती, बारीक काठाची. बोटांनी पोत बघितला, काठ उलटून बघितला.

"रंग कुणी निवडला?"

"सुमननं, असं म्हणाला."

"चांगला निवडलाय."

मी म्हणालो, "त्याला खरं सांगू का? तो येईल. मल्हारगंज काही लांब नाही."

"आला की आत्याला कळेल. तिला वाटत होतं तेच खरं, अशी तिची खात्री पटेल." त्यांनी साडीची घडी पुन्हा होती तशी घातली. "साडी पोचली म्हणून सांग. एवढंच."

"पुन्हा जाईल तो देवासला."

आतून कोणीतरी घंटी वाजवली. बाईंनी साडी खोलीत ठेवली, पदर खोचला आणि ताट वाढायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या फाटकापाशी मी चिंतामणला सांगितले, "साडी पोचली."

"कुठं?"

"पोचली."

त्याने माझ्याकडे पाहिले. भोंगा झाला. माणसे आत जाऊ लागली.

"बऱ्या आहेत?" त्याने विचारले.

"काम करतात," मी म्हणालो.

तो आत गेला. देवासला तो पुन्हा गेला नाही.