क्रॅशची पारख

देवळीत कुणाला टाळ घ्यायचे असले की तो माणूस बाबांना सोबत घेऊन वर्ध्याला जायचा. तशी रीतच पडून गेली होती. बाबा शाळामास्तर आणि भजनी मंडळातले टाळकरी. मास्तरकीतून निवृत्त झाले, टाळातून झाले नाहीत. दुकानात गेले की ते टाळाची एक वाटी दोरीने लोंबती धरत, दुसरीच्या काठाने तिला हलकेच स्पर्श करत आणि डोळे मिटून घेत. नाद पुरता विरेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, मग मागे गिऱ्हाइकं ताटकळत उभी का असेनात. शेवटी निकाल: नाद पसंत पडला तर "बांध", नाही तर "बद्द हाय". त्यावर अपील नसे.

मी ड्रम वाजवतो. दिवसभर कॉलेजच्या ऑफिसात बाबूगिरी, आणि नवरात्र आलं की ऑर्केस्ट्राबरोबर गावोगावच्या देवीच्या मंडळांपुढे. माझ्या ड्रमसेटला बाबा आजवर 'डबे' म्हणत आले. "आज कुठं हायेत डबे?" असं विचारायचे. मी चिडायचो आणि मी चिडतो म्हणून ते पुन्हा विचारायचे.

नवरात्राच्या तोंडावर माझ्या क्रॅशला काठाशी चीर गेली. क्रॅश म्हणजे ड्रमच्या वर स्टँडला अडकवलेली ती काशाची थाळी. गाणं वळण घेतं तिथे तिच्यावर काठी पडते आणि छन्न होतं. चीर गेलेली थाळी पत्र्यासारखी वाजते, ती बदलावीच लागते. वर्ध्याच्या दुकानदाराने माझ्यासाठी नागपूरहून दोन मागवून ठेवल्या होत्या. घरी हे बोललो तर बाबा खुंटीवरचा सदरा काढायलाच लागले.

"मी येतो. काशाची चीज हाय न? तुले काय समजते त्यातलं."

मला इतका आनंद झाला की तो लपवण्यासाठी मी उगाच गाडीची चावी शोधत बसलो. इतक्या वर्षांत माझ्या डब्यांसाठी त्यांनी सदरा घातला नव्हता.

दुकानात स्टँडवर पहिली थाळी लावली. पातळ होती. मी काठी मारली आणि अंगावर काटा आला. लख्खकन उघडली, दुकानभर पसरली आणि कुणाच्या पायात न येता निघून गेली. मला हीच हवी होती. बाबांनी डोळे मिटले होते. ते लगेच उघडले.

"बद्द हाय."

"बाबा, हे टाळ नोहे. क्रॅश लवकर विरतेच."

"विरते कशाले? वाजलीच नाई तं."

दुसरी जरा जाड होती, आवाजाला भारी आणि माझ्या मते थोडी आळशी. बाबा म्हणाले, "हे बरी हाय. पण बद्दच." दुकानदाराला ते लागलं. तो म्हणाला, "काकाजी, नवी कोरी चीज हाय. डब्बा तुमच्यासमोरच खोलला." बाबांनी त्याला टाळांची जोडी काढायला लावली, काशाचा खरा आवाज कसा असतो ते दाखवतो म्हणून.

त्याने जोडी काढली. बाबांनी एक वाटी लोंबती धरली, दुसरीचा काठ टेकवला आणि डोळे मिटले. तो नाद बारीक होत होत इतका लांब गेला की बाहेरच्या ऑटोच्या हॉर्नमधूनही मला ऐकू येत राहिला. तो चालू असतानाच बाबांनी डोळे उघडले.

"हाही बद्द."

दुकानदाराने दुसरी जोडी काढली. तीही बद्द. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी काउंटरकडे पाहिलं. "आता कासंच भेसळीचं येऊन राह्यलं," बाबा म्हणाले. मी हो म्हणालो. पुन्हा येतो असं दुकानदाराला सांगून आम्ही निघालो.

परतताना गाडीवर ते मागून काहीबाही बोलत होते आणि मी घाबरलो होतो. माणसांचं बोलणं त्यांना ऐकू येतं, फोनवर बोलतात, कुणाला दोनदा सांगावं लागत नाही. म्हणून आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ऐकणं गेलं होतं ते फक्त वरच्या पट्टीचं, बारीक, काशाचं. आणि ते गेलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. दर गुरुवारी मंडळात टाळ धरून बसत होते, एकदा चुकले नव्हते. हे त्यांना सांगायचं कुणी? मीच सांगायला हवं होतं, आणि माझ्याने होईना. घरात भांडायला मी पुढे असतो, पण असल्या वेळी माझी दातखीळ बसते.

शेवटी एक पळवाट काढली. कानात मळ झाला असेल, सावंगीला दाखवून घेऊ, म्हटलं. "मास्तरचे कान धुवाले नेऊन राह्यला," असं आईला सांगत ते हसत गाडीवर बसले.

सावंगीच्या दवाखान्यात कान तपासायला काचेची एक खोली असते. बाबांना आत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. तपासणारी मुलगी शिकाऊ असावी. "काका, आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक असू दे," तिने समजावलं आणि बाहेर येऊन मशीनपाशी बसली. मी तिच्या मागे उभा होतो.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. ती कळ दाबायची, आत बाबा बटण दाबायचे, मशीनवर दिवा लागायचा. आवाज बारीक होत गेला तरी दिवा लागत राहिला. माझा जीव भांड्यात पडला. दुकानदाराच्या टाळांना मी मनातल्या मनात शिव्यासुद्धा दिल्या. मग ती मुलगी थांबली. तिने हात मशीनवरून काढून मांडीवर ठेवले. दिवा लागला. थोड्या वेळाने पुन्हा लागला.

"मी काहीच पाठवत नाहीये," ती माझ्याकडे वळून म्हणाली.

मी काचेतून पाहिलं. बाबांनी डोळे मिटले होते. उजव्या हातात बटण होतं आणि डावा पंजा मांडीवर पडत होता, एकदा पालथा, एकदा उताणा. तिने आवाज सारख्या अंतराने सोडले होते. बाबांनी त्यातला ठेका पकडला होता, आणि कान संपला तिथून पुढे ते ठेक्यावर वाजवत होते. तोंडावर अगदी गुरुवारचं समाधान होतं. मला काच वाजवून त्यांना थांबवावंसं वाटलं आणि थांबवूही नये असं वाटलं. दोन्ही केलं नाही. मुलीने दार उघडलं.

"काका, आवाज नव्हता तरी दाबलं तुम्ही."

"आला न," बाबा म्हणाले. "बरोबर समेवर आला."

तिने हेडफोन नीट बसवून पुन्हा तपासणी केली. आता ती मुद्दाम वेडीवाकडी थांबत होती. या खेपेला दिवा फारसा लागला नाही. डावा पंजा मांडीवर नुसता पडून होता.

डॉक्टरने कागद पुढे ठेवून सांगितलं, की वरचे आवाज गेले आहेत, वयाने जातात, ते परत येत नाहीत. कानाला मशीन लावलं तर बोलणं अधिक स्पष्ट होईल. "आणि टाळ?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, पूर्वीसारखा नाही. बाबा ऐकत होते. ऐकू येत होतं त्यांना हे सगळं, चांगलं स्पष्ट.

बाहेर आल्यावर मी गाडी देवळीकडे वळवली तर त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

"वर्ध्याले चाल. थाळी घेऊनच जाऊ."

थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "ते पोरगी म्हणे, आवाज नव्हताच."

"हो, बाबा."

"मंग गुरुवारी मी काय आईकून राह्यलो?"

समोरून ट्रक येत होता, मी गाडी गरजेपेक्षा जास्तच कडेला घेतली.

दुकानदाराने तीच पातळ थाळी स्टँडवर लावली. मग बाबांसाठी स्टूल पुढे केलं. बाबा माझ्या अगदी समोर बसले. डोळे मिटतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मिटले नाहीत. थाळीकडेही पाहिलं नाही. ते माझ्या तोंडाकडे पाहत बसले.

मी काठी मारली. तोच आवाज, लख्ख, दुकानभर. तो बाबांच्या अंगावरून गेला, मागच्या तबल्यांवरून गेला, आणि बाबा माझ्याकडे पाहतच होते. मी माझे ओठ आवरायला गेलो तर ते जास्तच वाकडे झाले.

बाबांनी मान हलवली.

"हे नको," ते दुकानदाराला म्हणाले. "त्याले पसंत नाई."

ती सगळ्यांत चांगली होती. पण माझं तोंड कशाने उतरलं ते त्यांना सांगणार कसं? दुकानदाराने ती काढून जाड थाळी चढवली. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं, तोंड नीट केलं, आणि हसत काठी मारली.

"बांध," बाबा म्हणाले.